आधी भरतीचा तक्ता, मग सहलीची तारीख

प्रति,
खाडीमुखावर पक्षी-छायाचित्रणाच्या सहली नेणारे आयोजक, मार्गदर्शक आणि कॅमेरा क्लबांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहलीच्या निवेदनात बहुतेक सगळं असतं. कुठे जमायचं, किती वाजता, लेन्स किमान किती मिलिमीटरची हवी, कपडे कोणत्या रंगाचे घालायचे. एक गोष्ट मात्र क्वचितच असते: त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि पाणी किती चढणार आहे. तारीख सुट्टीची म्हणून ठरते आणि वेळ उजेडाची म्हणून. मग वीसजण साडेसहाला खाडीवर पोचतात तेव्हा पाणी दीड किलोमीटर आत गेलेलं असतं, पक्षी त्या पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे दिसत असतात आणि सगळे चिखल तुडवत त्यांच्याकडे निघतात. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. थवा उठतो, दोनशे मीटर पलीकडे बसतो, मंडळी पुन्हा चालू लागतात, थवा पुन्हा उठतो. नऊ वाजेपर्यंत प्रत्येकाच्या कार्डात दोन हजार फ्रेम जमतात आणि त्यांतल्या बहुतेकांत पक्ष्यांच्या शेपट्या असतात.

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे की पक्ष्यांकडे चालत जाणं बंद करा. पाणी पक्ष्यांना जिथे आणून सोडणार आहे तिथे आधीच जाऊन बसा. कमी त्रासाचा मार्ग म्हणून तर हे सांगतोच, पण चांगला फोटो मिळण्याचा दुसरा भरवशाचा मार्गही आम्हाला माहीत नाही. मात्र त्यासाठी सहलीची तारीख भरतीच्या तक्त्यातून निघायला हवी.

हिशोब अवघड नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. या रविवारी सकाळी आठला भरती असेल, तर पुढच्या रविवारी सकाळी आठला जवळपास पूर्ण ओहोटी असणार. "मागच्या आठवड्यात याच जागी, याच वेळी भरपूर पक्षी होते" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्याचं उत्तर या गणितात आहे, पक्ष्यांच्या लहरीत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. यातली खरी मेख अशी की कोणत्याही एका ठिकाणी उधाणाची भरती घड्याळात साधारण ठरलेल्या वेळीच येते. समजा तुमच्या खाडीवर उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. मग तिथे सकाळी सहाला येणारी भरती कायम भांगाचीच असणार, म्हणजे थिटी. पाणी चिखलपट्टा पूर्ण झाकत नाही, त्यामुळे पक्षी जवळ यायला बांधील नसतात. उधाणाच्या दिवशी पाणी भरपूर, पण भरती भर दुपारी, डोक्यावर ऊन आणि चिखलावर हवा उकळतेय. अशा खाडीवर उत्तम दिवस सापडतात ते उधाणाच्या तीन-चार दिवस आधी, जेव्हा भरती सकाळी नऊच्या आसपास येते आणि पाणीही बऱ्यापैकी असतं. उधाणानंतरच्या तीन-चार दिवसांनी दुपारी तीनच्या सुमारास भरती मिळते, म्हणजे ओहोटी लागल्यावर उतरत्या उन्हात काम करता येतं. दुसऱ्या एखाद्या खाडीवर उधाणाची भरती सकाळी सहाला येत असेल, तर तिथलं वेळापत्रक अगदी निराळं. प्रत्येक खाडीचा हा स्वभाव एकदा मांडून ठेवला की वर्षभराच्या तारखा एका बैठकीत ठरतात.

तक्ता वाचताना तीन चुका हमखास होतात. तक्ता बहुधा जवळच्या बंदराचा असतो. खाडीच्या आतल्या भागात भरती त्यानंतर पोचते, फरक कधी दहा मिनिटांचा तर कधी तासाभराचा, आणि तो एकदा स्वतः घड्याळ लावून मोजावा लागतो. तक्त्यातली उंची एका ठरावीक आधारपातळीपासून मोजलेली असते, तुमच्या पायाखालच्या चिखलापासून नव्हे. म्हणून वहीत लिहून ठेवा: किती मीटरला वाळूचा दांडा बुडतो, किती मीटरला खारफुटीच्या कडेचा कोरडा पट्टाही जातो. चार-पाच फेऱ्यांत ही वही कोणत्याही अॅपपेक्षा उपयोगी होते. तिसरी चूक हवामान विसरण्याची. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, आणि समुद्राकडून जोराचा वारा असेल तर त्याहून अधिक. सपाट चिखलावर वीस सेंटिमीटर पाणी म्हणजे फार मोठा फरक.

किती मोठा, ते पाहा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. ढोबळ नियम आहे, अरुंद खाडीत बिघडतो, पण अंदाजाला पुरतो. एकूण चढ ४ मीटरचा असेल, तर मधल्या दोन तासांत दर तासाला १ मीटर पाणी चढतं. पट्ट्याचा उतार ५०० मीटरला १ मीटर असेल, तर तेवढ्या तासात पाण्याची कड अर्धा किलोमीटर पुढे येते, मिनिटाला आठ मीटर. पक्षी या कडेबरोबर चालत येतात. तुम्ही बसलेले असाल तर तुमच्याकडेच येतात.

म्हणून वेळापत्रक असं असावं. भरतीच्या अडीच तास आधी सगळे आपापल्या जागी आडवे झालेले असावेत, म्हणजे जमण्याची वेळ भरतीच्या साडेतीन तास आधीची. पक्षी यायला लागल्यावर कुणीही नव्याने दाखल होणार नाही. उशीर झालेल्याने त्या दिवशी बांधावरून दुर्बिणीने पाहावं. भरती भरल्यावर पक्षी थाऱ्याला एकत्र बसतात, तासभर, कधी दोन-अडीच तास. ओहोटी लागली की उपाशी पक्षी उघड्या पडणाऱ्या पहिल्या ओल्या पट्ट्यावर तुटून पडतात. हा पहिला तास चढत्या भरतीइतकाच चांगला, पण तोवर बहुतेक सहली आवरून निघालेल्या असतात. पक्षी पाण्याबरोबर दूर गेले की आपण उठायचं. एकूण पाच-सहा तासांचा मामला आहे हे निवेदनात स्पष्ट लिहा. पिण्याचं पाणी हाताशी ठेवायला सांगा, आणि झोपण्याआधी सगळ्यांना लघवीला जाऊन यायला सांगा. हसू नका, जमलेला थवा उठण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे.

जागा निवडताना सूर्य पाठीशी हवा हे सगळ्यांना ठाऊक असतं, वारा मात्र कुणी पाहत नाही. किनारी पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात आणि तसेच उडतात. वारा तुमच्या पाठीवर असेल तर बसलेल्या पक्ष्याचा चेहरा तुमच्याकडे असतो आणि उतरणारा पक्षी पंख पसरून समोरून येतो. वारा तोंडावर असेल तर उजेड कितीही सुंदर असो, तुम्हाला पाठी आणि शेपट्याच मिळणार. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी असा दिवस मिळाला तर बाकी सगळी कामं रद्द करावीत. दोन्हींत निवड करायची वेळ आली, तर थाऱ्यावरच्या आणि उडत्या पक्ष्यांसाठी वारा धरा, चरणाऱ्यांसाठी सूर्य.

भरतीची सर्वांत वरची रेषा कचऱ्यावरून, शेवाळाच्या वाळलेल्या पट्टीवरून आणि शिंपल्यांच्या ओळीवरून कळते. बैठक त्या रेषेच्या वर हवी. नेमक्या थाऱ्याच्या जागी बसू नका. पक्ष्यांना तिथेच बसायचं असतं, तुम्हाला पाहून ते दुसरीकडे जातील. त्यापासून साठ-सत्तर मीटर बाजूला, चरण्याच्या वाटेवर बसा. आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांना थाऱ्याकडे फिरकूच नका. त्या दोन-तीन दिवशी कोरडी जागा इतकी थोडी उरते की उठलेल्या पक्ष्याला दुसरीकडे जायला जागाच नसते.

गट सहाजणांचा असावा, फार तर आठ. सगळे एका ओळीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर. विखुरलेली सहा माणसं पक्ष्याला घेराव वाटतात, खेटून पडलेली सहा माणसं ओंडका वाटतात. कपड्यांच्या छापील पानाफुलांवर खर्च करण्यापेक्षा पांढरं आणि चमकणारं काही अंगावर नसेल एवढं पाहा. पक्षी रंगापेक्षा आकार आणि हालचाल ओळखतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं राहिलेलं माणूस त्याला फार दुरून दिसतं. पोटावर झोपलेलं, मागे झुडुपं असलेलं माणूस तो वीस मीटरवरही चालवून घेतो. खाली प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर फोमची चटई, कोपरांना पॅड, कॅमेऱ्याखाली बीनबॅग किंवा उथळ तव्यासारख्या ताटलीवर बसवलेलं ट्रायपॉडचं डोकं. ताटली चिखलावरून सरकते, रुतत नाही.

आता अस्वस्थतेच्या खुणा. मार्गदर्शकाने कॅमेरा बाजूला ठेवून किमान अर्धा वेळ दुर्बिणीतून हेच पाहावं अशी आमची अपेक्षा आहे. चरणारा पक्षी चरणं थांबवून मान वर करतो, ती पहिली खूण. मग आजूबाजूचे चार-पाचजण माना वर करतात. विखुरलेले पक्षी एकमेकांकडे सरकतात, एकाच दिशेने चालू लागतात, एखादा ओरडतो, आणि मग सगळे उठतात. पहिल्या आणि शेवटच्या खुणेत कधी मिनिट असतं, कधी पाच सेकंद. पहिल्या खुणेला थिजायचं, दुसऱ्या खुणेला डोकं खाली घालून सावकाश मागे सरकायचं. उठल्यावर "अरेरे" म्हणून काही होत नाही. थाऱ्यावर एका पायावर उभा राहून चोच पिसांत खुपसलेला पक्षी झोपलेला दिसतो, पण त्याचा एक डोळा बहुधा उघडा असतो. तो डोळा सारखा तुमच्याकडे उघडत असेल तर तुम्ही फार जवळ आहात.

मिश्र थव्यात अंतर ठरवतो तो सर्वांत बुजरा पक्षी. सहसा पक्षी जितका मोठा तितका दुरून उठतो. छोटा टिलवा किंवा सँडरलिंग दहा मीटरवरून तुमच्याकडे दुर्लक्ष करेल, पण त्याच थव्यात लांब वाकड्या चोचीचा मोठा कुरल असेल तर तो शंभर मीटरवरून उठेल, आणि उठताना ओरडून बाकीच्यांनाही उठवेल. म्हणजे अंतर टिलव्याचं नव्हे, कुरलचं धरायचं.

एकदा उडाल्याने काय बिघडतं, असं सहलीत कुणीतरी विचारतंच. हे पक्षी खाडीवर येतात ते पुढच्या प्रवासाची चरबी साठवायला. २०२२मध्ये बार-टेल्ड गॉडविट या किनारी पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघून न थांबता ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडत टास्मानियाला पोचलं. पाठीवरच्या उपग्रह-यंत्रामुळे हे कळलं. असं उड्डाण करणारा पक्षी निघण्याआधी वजन जवळजवळ दुप्पट करतो. चिखल उघडा असतानाच त्याला खाता येतं, म्हणून त्याचं घड्याळही भरती-ओहोटीचं असतं, रात्रीच्या ओहोटीलाही तो चरतो. थाऱ्यावरचा वेळ पचनाचा आणि विश्रांतीचा. तिथे उठवलं की खर्च वाढतो, चरताना उठवलं की जमा घटते. एका गटाने दोनदा उठवलं, मग दुसऱ्याने, मग एखाद्या मोकाट कुत्र्याने. पक्ष्याला प्रत्येक वेळ सारखीच महाग.

कॅमेऱ्याबद्दल थोडं, कारण जवळ जाण्याचा मोह बहुधा तिथून सुरू होतो. ६०० मिलिमीटर लेन्स आणि फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) कॅमेरा असेल तर १५ मीटरवर चौकटीची रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर भरते. १४ सेंटिमीटरचा टिलवा तिच्यात लहान दिसेल, ५५ सेंटिमीटरचा कुरल तिला अर्ध्याहून जास्त व्यापेल. १.५ क्रॉपच्या, म्हणजे दीडपट लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच रुंदी ६० सेंटिमीटर. म्हणजे कुरलसाठी तीस मीटरही पुरतात. टिलव्यासाठी दहा-बारा हवेत, आणि ते चालत जाऊन मिळत नाहीत, झोपून मिळतात. शिवाय फार जवळ गेल्यावर फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग धारदार येतो ती, उरत नाही. ६०० मिलिमीटर, एफ/६.३ आणि १५ मीटर अंतर म्हणजे एकूण सुमारे २४ सेंटिमीटर खोली, १० मीटरवर जेमतेम १०. तुमच्याकडे तोंड करून उभ्या कुरलची चोचच पंधरा सेंटिमीटरची असू शकते. डोळा धरला तर चोचीचं टोक गेलं. अशा वेळी एफ/८ ते एफ/११ वापरा किंवा पक्षी बाजूने वळेपर्यंत थांबा. थांबणं बरं.

शटरचा वेग: झोपलेल्या पक्ष्याला बीनबॅगवरून १/२५० सेकंद चालतो. चिखल्याची चाल धाव-थांब-टोच अशी असते, तो थांबतो त्या क्षणी १/१००० पुरतो. टिलव्याची आणि डनलिनची चोच शिलाई मशीनसारखी चालते, तिथे १/१६०० खाली उतरू नका. उडत्या पक्ष्याला १/२५०० ते १/३२००. काही कॅमेऱ्यांत नि:शब्द इलेक्ट्रॉनिक शटरने फडफडणारे पंख वाकडे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. बसलेल्या पक्ष्यांना तो वापरा, उडत्यांना यांत्रिक.

एक्स्पोजर स्वयंचलित ठेवला तर पक्षी गडद चिखलावरून चमकत्या पाण्यासमोर गेला की दोन स्टॉप घसरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). उजेड स्थिर असेल तर मॅन्युअल लावा. उन्हातल्या ओल्या चिखलावर मोजा, मग उचाट्या किंवा बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्यासाठी हायलाइटची सूचना (फार उजळ झालेला भाग कॅमेरा लुकलुकवून दाखवतो ती) नुकतीच विझेपर्यंत खाली आणा. साधारण दोन-तृतीयांश ते सव्वा स्टॉप उतरावं लागतं. ऑटोफोकसला लहान चौकट द्या. मोठी चौकट आणि डोळा शोधणारी प्रणाली दाट थव्यात या पक्ष्यावरून त्या पक्ष्यावर उड्या मारते, आणि झोपून काढताना जवळच्या चिखलाच्या ढेकळाला धरते.

सर्वांत जास्त फोटो फुकट जातात ते उकळत्या हवेने, आणि दोष लेन्सला दिला जातो. उन्हात तापलेल्या चिखलावरून पाहताना हवेचे थर थरथरतात. लेन्स बदलून, शटर वाढवून उपयोग नाही. ओळखण्याची युक्ती: दूरच्या खुंटाचे सलग दहा फोटो काढा. काही धारदार, काही मेणासारखे आले तर दोष हवेचा आहे. आणि गंमत अशी की झोपून काढल्याने हा दोष वाढतो, कारण नजर चिखलाला घासून जाते. मग उपाय? अंतर कमी, म्हणजे पुन्हा तेच, पक्ष्याला येऊ देणं. नजर कोरड्या वाळूऐवजी पाण्यावरून जाईल अशी जागा धरणं. ढगाळ दिवस वाया गेला असं न मानणं. आणि थंड खोलीतून काढलेला कॅमेरा दमट हवेत लगेच उघडू नका. बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

उडत्या थव्याच्या फोटोबद्दल आम्हाला थोडं कडक बोलायचं आहे. "जरा उडवा ना" ही विनंती मार्गदर्शकाकडे येते आणि कधीकधी मान्यही होते. अशा फोटोत फसवणूक लपत नाही. घाबरून उठलेला थवा कॅमेऱ्यापासून दूर जातो, सगळ्या शेपट्या तुमच्याकडे, पक्षी एकमेकांवर चढलेले. भरतीमुळे जागा बदलणारा किंवा उतरणारा थवा वाऱ्यावर रेषेत येतो आणि चेहरे दिसतात. क्लबांच्या स्पर्धांत परीक्षकांनी हा फरक पाहावा आणि शेपट्यांच्या फोटोला बक्षीस देऊ नये. पंखांची नक्षी हवी असेल तर थवा उडवायची गरजच नाही. पिसं साफ करून झाली की पक्षी आधी एका बाजूचा पंख आणि पाय ताणतो, मग दोन्ही पंख डोक्यावर उभारतो. अंघोळीनंतर जागेवरच उडी मारून पंख झाडतो. या दोन-तीन सेकंदांत ब्लॅक-टेल्ड गॉडविटची पंखपट्टी, रेडशँकच्या पंखाची पांढरी मागची कड आणि ग्रे प्लोव्हरच्या काखेतला काळा डाग, ओळखीला लागणारं सगळं दिसतं. अंघोळ सुरू झाली की बोट बटणावर ठेवा. ड्रोन आणि मोबाइलवर वाजवलेले आवाज हे दोन्ही सहलीत पूर्ण बंद असावेत, यावर चर्चेलाही जागा नको.

जमिनीवर घरटं करणारे चिखल्या, शेकाट्या, कालवफोड्या, सुरय यांच्या विणीच्या काळात त्या पट्ट्यात सहलच नेऊ नका. अंडी वाळूच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पंख मोडल्यासारखा लंगडत दूर जाणारा चिखल्या दिसला तर तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय. त्या नाटकाचे फोटो काढत बसू नका. आल्या पावली मागे फिरा, प्रत्येक मिनिटाला अंडी उन्हात तापत असतात. घरट्याच्या जागेचं नाव आणि फोटोतली स्थाननोंद कुठेही टाकू नका.

चिखलाची जोखीम आयोजकाने स्वतःवर घ्यायला हवी, सहभागीवर ढकलून चालणार नाही. वाळूच्या लाटा उमटलेला पट्टा बहुधा पेलतो. गुळगुळीत, आरशासारखा चमकणारा पट्टा आणि चरांचे काठ पेलत नाहीत. आधी काठीने टोचून पाहा. भरती पुढूनच येते असं समजू नका. पाणी आधी चरांतून शिरतं आणि तुमच्या मागचा चर तुम्ही समोर पाहत असताना भरतो. म्हणून परतीची वेळ पाण्याकडे पाहून ठरवायची नाही, आधी घड्याळात ठरवायची. कुणी गुडघ्यापर्यंत रुतलं तर दोन्ही पायांनी एकदम झटापट करू द्यायची नाही. त्याने पाठीमागे टेकावं, शक्य तितकं आडवं व्हावं म्हणजे वजन पसरतं, बॅग आणि कॅमेरा बाजूला टाकावा, पाय गोल हलवत पाणी आत शिरू द्यावं आणि एकेक पाय सावकाश काढावा. बूट गेला तर जाऊ द्या. बाकीच्यांनी धावत जवळ जायचं नाही, फळी किंवा चटई सरकवायची. पाणी चढत असेल तर आधी मदतीला फोन, मग प्रयत्न.

एक काम तुमच्या सहली अगदी सहज करू शकतात. अनेक पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी किंवा झेंड्या असतात. त्यांचा स्पष्ट फोटो म्हणजे त्या पक्ष्याच्या प्रवासातला एक नोंदवलेला मुक्काम. कोणता पाय (पक्ष्याचा डावा-उजवा, फोटोतला नव्हे), गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम आणि अक्षरं, एवढं तारखेसह लिहून कडी लावणाऱ्या प्रकल्पाकडे पाठवावं. पायच चिखलात बुडालेला असेल तर पक्षी चार पावलं चालेपर्यंत शटर दाबू नका. दोन्ही पाय दिसणारी एक तरी फ्रेम हवी.

तर पुढच्या निवेदनात चार ओळी वाढवा: भरतीची वेळ आणि उंची, झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, गटाची कमाल संख्या. आणि बसल्यावर पक्षी आले नाहीत तर कुणीही त्यांच्याकडे चालत जाणार नाही, हे पैसे भरण्याआधी सहभागींना सांगा. काहीजण येणार नाहीत. त्यांना येऊ देऊ नका.

आपले,
खाडीकाठी पोटावर झोपणारे काही छायाचित्रकार

ता. क. ट्रायपॉड चिखलात लावायचाच असेल तर पायाचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे कुलपाचा सांधा चिखलाच्या वर राहतो. घरी गेल्यावर पाय सुटे करून गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. लेन्सवरचं खारं पाणी कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग गोड्या पाण्यात ओलं करून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपा. आणि हे त्याच रात्री करा, सकाळपर्यंत मीठ सांध्यात जाऊन बसतं.